नववी चिप

१९९९ च्या मे महिन्यात आमच्या बदलापूरच्या घरात कॉम्प्युटर आला. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका गाळ्यात तो जोडलेला होता. दुपारच्या रिकाम्या बदलापूर लोकलमध्ये बाबांनी कॅबिनेट मांडीवर घेतलं, मी मॉनिटरच्या खोक्यावर हात ठेवून बसलो, आणि अंबरनाथ येईपर्यंत दोघंही काही बोललो नाही. बाबा ठाण्याला एका कंपनीत कारकून होते. संध्याकाळी गावातल्या दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहायचे. ते हिशेब कॉम्प्युटरवर नेले की रात्रीचे दोन तास वाचतील, असा बेत होता. त्यासाठी पतपेढीचं कर्ज काढलं होतं.

तीन आठवड्यांनी तो पहिल्यांदा गोठला. माऊसचा बाण जिथल्या तिथे. नमलॉकचं बटण दाबलं तरी कीबोर्डवरचा हिरवा दिवा बदलेना. कधी चालू केल्यावर दहा मिनिटांत असं व्हायचं, कधी दिवसभर काही नाही. मधूनच निळा पडदा यायचा, त्यावर शून्यांची आणि इंग्रजी अक्षरांची रांग. ज्यांनी मशीन जोडलं होतं ते सिंधी गृहस्थ आमचे 'भाई'. त्यांना फोन केला की एकच उत्तर मिळायचं, "रॅम निकालो, रबर मारो, वापस लगाओ." मग मी कंपासपेटीतलं खोडरबर काढायचो, रॅमची पट्टी उपसायचो, तिच्या सोनेरी दातांवरून रबर फिरवायचो आणि पट्टी पुन्हा खट्कन बसवायचो. आठ-दहा दिवस ठीक जायचे.

मार्च २००० मध्ये हिशेब बंद करायची वेळ आली. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने उधारीची यादी घेऊन एका गिऱ्हाइकाकडे ९,४५० रुपये मागितले. गिऱ्हाइकाने चिठ्ठी दाखवली. आकडा १,४५० होता. दुकानात, चार माणसांसमोर, वाद झाला. चिठ्ठीवरचा आकडा देवनागरीत होता, आणि घाईत लिहिलेला १ आणि ९ यांत फरक तो किती! "तुम्ही एकाला नऊ वाचलंत," दुकानदार बाबांना म्हणाले. बाबांनी आपली वही काढली. त्या दिवशीची कॅल्क्युलेटरवरची बेरीज १,४५० धरूनच जुळत होती. त्यावर दुकानदारांचं म्हणणं बिनतोड होतं: कॅल्क्युलेटरवर काय दाबलं ते वहीत आहे, कॉम्प्युटरवर काय दाबलं त्याचा पुरावा कुठे आहे?

पुरावा नव्हता. बाबांनी माफी मागितली. ते काम सुटलं.

त्या आठ हजारांचा छडा आजही लागलेला नाही. पण दुकानदारांच्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. यंत्राने चूक केली तर ती यंत्राला स्वतःला कळायला हवी की नको? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्याचं एक टोक आमच्याच रॅमच्या पट्टीवर होतं. पट्टीवर आठ काळ्या चिपा होत्या. त्यांच्यामध्ये एक जागा मोकळी होती. तिथे डाख द्यायचे चंदेरी ठिपके तयार होते, पण चिप नव्हती. कित्येक वर्षं मला वाटत होतं की ते नुसतं डिझाइन आहे.

*

आधी हे मशीन उल्हासनगरात का जोडलं गेलं ते सांगायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींमध्ये ठेवलं गेलं. संख्या लाखाच्या आसपास पोचली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं 'उल्हासनगर' असं नामकरण झालं. पण लोकांच्या तोंडी अजूनही कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच पत्ते आहेत. जमीनजुमला मागे राहिलेला, नोकऱ्या मोजक्या. या माणसांनी बराकीतच मशीन टाकून मिळेल ती वस्तू बनवायला सुरुवात केली. पापड, लोणची, फर्निचर, प्लास्टिक, पुढे जीन्स. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद मध्य रेल्वेवरच्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. त्यात नकलेची चेष्टा आहे. पण महाग वस्तू उघडून तिचे भाग ओळखायचे आणि कमी पैशात तशीच जोडायची, ही कला या शहराने पोट भरण्यासाठी कमावली, हेही त्यातच आलं.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर अशीच एक वस्तू झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क सुटे मिळायचे. ते पिशवीत घालून आणायचे, गाळ्यात जोडायचे, त्यावर विंडोज चढवायचं. कंपनीचा 'ब्रँडेड' कॉम्प्युटर आणि हा 'असेंबल्ड' यांच्या किमतीत इतकं अंतर होतं की अंबरनाथ-बदलापूरच्या पगारदाराला दुसरा पर्याय नव्हता. आमच्यासारख्या हजारो घरांत कॉम्प्युटर शिरला तो या गाळ्यांमुळे.

*

तसं पाहिलं तर भारतात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरही सुटे भाग आणून, हाताने जोडूनच झाला होता, आणि तोही मुंबईत. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने आधी १९५६ मध्ये एक छोटं प्रायोगिक यंत्र चालवून पाहिलं, आणि मग १९६० मध्ये पूर्ण आकाराचं यंत्र कामाला लावलं. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते त्यात. १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाब्यातल्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले, तेव्हा त्याला 'टिफरॅक' हे नाव मिळालं.

टिफरॅकच्या स्मृतीतला प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. प्रत्येक बिटासाठी फेराइटचं एक बारीक कडं, तारांच्या जाळीत ओवलेलं. कड्याचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट असेल तर एक. या स्मृतीचा एक गुण होता: वीज गेली तरी कडं आपली दिशा सोडत नसे. अवगुण असा की एकेक कडं ओवायला माणूस लागायचा, आणि जागा भरपूर लागायची.

नंतरची स्मृती याच्या अगदी उलट निघाली. १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं की एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कॅपॅसिटर एवढ्यावर एक बिट ठेवता येईल. कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, १९७० मध्ये इंटेलने विद्युतभारावर बिट ठेवणाऱ्या स्मृतीची १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली, आणि फेराइटच्या कड्यांचे दिवस भरले. आपल्या कॉम्प्युटरमधली 'रॅम' ती हीच. पण हा कॅपॅसिटर म्हणजे गळकं भांडं आहे. भार आपोआप ओसरतो. म्हणून आमच्या पट्टीसारख्या रॅममध्ये प्रत्येक कप्पा साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा वाचून पुन्हा भरावा लागतो. विसरणं तिच्या रचनेतच आहे. सतत आठवण करून दिल्यामुळे ती टिकते. भांडं जितकं लहान, तितका थोडा धक्का पुरतो.

तो धक्का कुठून येतो हे १९७८ मध्ये कळलं. इंटेलच्या १६ किलोबिटच्या चिपांमध्ये बिट अधूनमधून आपोआप उलटत होते. चिप खराब म्हणावी, तर पुन्हा लिहिल्यावर तोच कप्पा नीट चालायचा. टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी कारण शोधलं. चिपेच्या सिरॅमिक आवरणात युरेनियम-थोरियमचा अंश होता आणि त्यातून निघणारे अल्फा कण कप्प्यांवर आदळत होते. आवरणं बनवणारा कारखाना एका जुन्या युरेनियम खाणीच्या खालच्या अंगाला नदीकाठी होता, आणि त्याच नदीचं पाणी कामात वापरलं जात होतं, अशी त्यामागची हकिकत सांगितली जाते. वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. वरच्या अंगाला कोणी काय ओतलं, ते खालच्या अंगाला कुठल्या रूपात निघेल याचा नेम नसतो.

पुढच्याच वर्षी जेम्स झीग्लर आणि विल्यम लॅनफर्ड यांनी दुसरं कारण मांडलं: वैश्विक किरण. अवकाशातून येणारे कण वातावरणावर आदळतात, त्यातून नव्या कणांचा पाऊस पडतो, आणि त्यातला एखादा चिपेतलं बिट उलटवू शकतो. या कणांच्या पावसाचं गणित मांडणाऱ्यांत होमी भाभा होते. १९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर तो सिद्धांत लिहिला होता. ज्या माणसाच्या संस्थेत आपला पहिला कॉम्प्युटर जोडला गेला, त्याच्या आयुष्यभराचा विषय कॉम्प्युटरच्या चुकांचं एक कारण निघावा, हा योगायोग मला फार नवलाचा वाटतो.

*

यंत्राची स्मृती चुकणार, हे इंजिनियर मंडळींनी कधीच लपवलं नव्हतं. उपायही जुना आहे. बेल लॅबमध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी आपलं काम यंत्रावर लावून जायचे. मध्येच चूक झाली की यंत्र ती ओळखायचं आणि त्यांचं काम टाकून पुढचं घ्यायचं. यंत्राला चूक कळते तर दुरुस्त का करता येऊ नये, या वैतागातून त्यांनी १९५० मध्ये चूक शोधून सुधारणारी सांकेतिक पद्धत प्रसिद्ध केली.

यातली सर्वांत साधी पायरी म्हणजे पॅरिटी. आठ बिटांना नववा जोडायचा आणि तो असा निवडायचा की नवांमधल्या एकांची संख्या विषम राहील. वाचताना ती सम निघाली, तर कुठलं तरी बिट उलटलं आहे. कुठलं ते कळत नाही, पण उलटलं हे नक्की कळतं. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पहिल्या पीसीत स्मृतीच्या दर ओळीत नऊ चिपा होत्या. आठ कामाच्या, नववी साक्षीदार. चूक पकडली गेली की पडद्यावर 'पॅरिटी चेक' अशी अक्षरं यायची आणि यंत्र थांबायचं. लोक वैतागायचे. पण चुकीच्या आकड्यावर काम पुढे रेटण्यापेक्षा थांबणं बरं, असा त्यामागचा विचार होता.

आमच्या शेजारचे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, यात नवीन काय? त्यांच्याकडे वस्तू बनवणारा वेगळा आणि ती पास करणारा वेगळा. तपासणीचं खातंच निराळं, त्यांचा साहेबही निराळा. बनवणाऱ्याने स्वतःचं काम स्वतः पास करायचं नसतं.

नववी चिप गेली ती पैशापायी. आठाच्या जागी नऊ चिपा म्हणजे स्मृतीचा खर्च एक अष्टमांशाने जास्त. त्यातच ४ जुलै १९९३ रोजी जपानमध्ये निइहामा इथल्या सुमितोमोच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांच्या काळ्या आवरणासाठी लागणाऱ्या राळेचा फार मोठा वाटा तिथून येत असे. जगभर रॅमच्या किमती भडकल्या. या महागाईच्या वर्षांत बाजारात एक अजब माल फिरू लागला. पट्टीवर चिपा नऊच, पण नववी स्मृतीची नाहीच. वाचताना जे आठ बिट येतील त्यांच्यावरून ती तिथल्या तिथे 'बरोबर' उत्तर बनवून द्यायची. म्हणजे साक्षीदार फितूर. आठ बिटांमध्ये काहीही होवो, तो 'सगळं ठीक' म्हणणार.

१९९५ मध्ये इंटेलचा ट्रायटन नावाने ओळखला जाणारा चिपसेट आला आणि त्यात पॅरिटी तपासायची सोयच नव्हती. घरगुती मशीनला कशाला हवी, असा हिशेब होता. पुढे १९९८ च्या ४४०बीएक्समध्ये चूक सुधारणाऱ्या स्मृतीची, म्हणजे ईसीसीची, सोय होती, पण ती पट्टी महाग आणि गाळ्यात मागणारं कोणी नाही. १९९९ च्या स्वस्त ८१० चिपसेटमध्ये सोयही गेली. हळूहळू असं ठरून गेलं की सर्व्हरला ईसीसी मिळेल, घरातल्या आणि दुकानातल्या मशीनला नाही. पट्टी बनवणारे मात्र दोन्हींसाठी एकच छापील पाटी वापरायचे. म्हणून आमच्या पट्टीवर ती मोकळी जागा होती.

हे काही उल्हासनगरात ठरलं नाही. जे ठरलं त्याचा भुर्दंड मात्र इथल्या गाळ्यांवर आणि गिऱ्हाइकांवर पडला.

*

साक्षीदार नसला की तपास लांबतो. मशीन गोठलं, एवढंच कळतं. का गोठलं याचे संशयित पुष्कळ. रॅमचा एखादा कप्पा मेलेला असेल. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या शेजारी बसवल्या असतील. एसएमपीएसवर तीनशे वॉट छापलं असेल आणि आतून तेवढे निघत नसतील. पंखा अडकून प्रोसेसर तापत असेल. दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत तर जगभर मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगून फुटत होते. सदोष रसायनाचा तो घोटाळा. आणि या सगळ्यांचं लक्षण एकच: माऊसचा बाण जिथल्या तिथे.

आमच्या पट्ट्यात आणखी दोन संशयित होते. पहिला म्हणजे वीज. मुंबई शहर भारनियमनातून सुटलं होतं, पण कल्याणच्या पुढे महावितरणच्या हद्दीत दोन हजारच्या दशकात रोजचे तास ठरलेले असायचे. वीज जाताना आणि येताना दाब खालीवर होई, आणि हलक्या प्रतीचा एसएमपीएस तो झटका थेट बोर्डापर्यंत पोचवी.

दुसरा संशयित हवा. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून वालधुनी वाहते. तीच पुढे अंबरनाथ-उल्हासनगरचे कारखाने आणि वस्त्या यांच्यामधून नाला होऊन कल्याणला जाते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि वायूच्या त्रासाने कॅम्पातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. एरवीही नाल्याकाठच्या घरांत चांदी लवकर काळी पडते. गंधकाचे वायू चांदीचं जे करतात तेच बोर्डावरच्या तांब्याचं आणि चांदीच्या मुलाम्याचं करतात. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदी बदलापुरात शिरली. त्यानंतर लोकांनी मशीन उन्हात वाळवून पुन्हा चालू केली. ती चाललीही, पण महिन्या-दोन महिन्यांनी गोठू लागली. चिखलाचा ओलावा गेला होता, क्षार उरले होते.

अशा वेळी खोडरबर का चालायचं? तो नुसता तोडगा नव्हता. पट्टीच्या दातांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. काही खाचांमधले संपर्क मात्र स्वस्तात कथिलाचे केलेले असत. कथील आणि सोनं एकमेकांना टेकले, आणि मशीन तापून-निवून ती जागा केसभर हलत राहिली, की कथिलाचा गंज सोन्यावर जाऊन बसतो. रबराने तो निघतो. पण सोनंही थोडं थोडं निघतं. भाईंचा सल्ला बरोबर होता आणि पुरेसा नव्हता.

पुरेशी तपासणी वेळखाऊ असते. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम फ्लॉपीवर यायचा. विंडोज चालू न करता तो रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक नक्षी लिहितो, वाचतो, उलटी करून लिहितो, पुन्हा वाचतो. चूक सापडली की लाल ओळ. एका फेरीत काही सापडलं नाही म्हणजे रॅम चांगली, असं नाही. रात्रभर चालू ठेवायचा. मग एकच पट्टी ठेवायची, ती दुसऱ्या खाचेत घालून पाहायची, मग दुसरी पट्टी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. कॅम्पातले चांगले कारागीर हेच करायचे, फक्त ते यासाठी हात आणि कान वापरायचे. चालू करताना येणाऱ्या बीपच्या लांबीवरून बिघाड रॅमचा की डिस्प्ले कार्डाचा, हे ते दारातूनच सांगत. पण दोन दिवस मशीन ठेवून घेऊन तपासण्याचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक भागाचे पैसे देतं, तपासाचे देत नाही. म्हणून पट्टी बदलून द्यायची आणि पुढे जायचं. पट्टी निर्दोष असली तरी ती गुन्हेगार ठरायची, किंवा 'व्हायरस' ठरायचा, किंवा गिऱ्हाईक.

*

हा प्रकार किती सर्रास होता याचे मोठे अभ्यास पुढे झाले. २००९ मध्ये बियांका श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगलच्या सर्व्हरांचा अडीच वर्षांचा तपशील मांडला. सर्व्हरना ईसीसी असल्यामुळे प्रत्येक चुकीची नोंद होती. वर्षभरात जवळजवळ एक तृतीयांश यंत्रांत निदान एक तरी चूक झाली होती, आणि सुमारे आठ टक्के पट्ट्यांवर. शिवाय बऱ्याचशा चुका वैश्विक किरणांसारख्या अवचित येणाऱ्या वाटत नव्हत्या. त्या पट्टीतल्या कायमच्या दोषाच्या दिसत होत्या. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती पीसींच्या क्रॅशच्या नोंदी तपासल्या. स्मृतीच्या दोषाने एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा तसंच कोसळण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते, असं त्यांना दिसलं. ब्रँडेड मशीनपेक्षा असेंबल्ड मशीन जास्त कोसळतात, हेही. आणि ही मशीन घरगुती असल्यामुळे त्यांच्यात नववी चिप नव्हती. न कोसळता नुसतेच चुकीचे आकडे किती लिहिले गेले, ते मोजायला साधनच नव्हतं.

बेल्जियममध्ये एकदा असा आकडा योगायोगाने सापडला. १८ मे २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक इथे एका उमेदवाराला शक्य त्यापेक्षा जास्त मतं पडली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४,०९६ चा. दोनाचा बारावा घात. प्रोग्रॅममध्ये दोष सापडेना, तेव्हा एक बिट आपोआप उलटलं असावं असा निष्कर्ष निघाला. आकडा अशक्य होता म्हणून तो पकडला गेला. शक्य कोटीतला असता तर कोणाच्या लक्षात आला असता?

हे वाचलं आणि मला बाबांचे ते दोन आकडे आठवले. बाबांचा हिशेबाचा प्रोग्रॅम फॉक्सप्रोवर लिहिलेला होता. फॉक्सप्रोच्या फाइलीत आकडे अक्षरांसारखे एकेक करून लिहिलेले असतात. '१' या आकड्याचे आठ बिट ००११०००१. '९' चे ००१११००१. फरक एका बिटाचा. दर रविवारी बाबा फाइल 'पॅक' करायचे, म्हणजे सगळ्या नोंदी रॅममध्ये येऊन पुन्हा डिस्कवर लिहिल्या जायच्या. त्यातल्या एका रविवारी एक बिट उलटलं असेल, तर १,४५० चे ९,४५० होतील, आणि डिस्कवर तसेच राहतील. ००११०००१ मध्ये एक हा अंक तीनदा येतो, ००१११००१ मध्ये चारदा. विषमाचं सम झालं. नववी चिप असती तर मशीन तिथेच थांबलं असतं आणि पडद्यावर तसं म्हणालं असतं.

असतं. घाईने लिहिलेल्या १ ला बाबांनी ९ वाचलं असण्याचीही शक्यता आहेच, आणि दोन्हींतलं एकही मी सिद्ध करू शकत नाही. दोन पट्ट्यांपैकी एक भाईंनी त्याच वर्षी बदलून दिली आणि जुनी नेली. त्यानंतर मशीन क्वचितच गोठलं. उरलेली पट्टी मी नंतर एकदा रात्रभर मेमटेस्टवर लावून पाहिली. ती निर्दोष निघाली. ज्या पट्टीची साक्ष हवी होती ती कॅम्पातल्या कुठल्या भंगाराच्या पोत्यात गेली, कोण जाणे.

*

जानेवारी २०२१ मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी सामान्य मशीनमधून ईसीसी हद्दपार केल्याबद्दल इंटेलवर जाहीर टीका केली. कुठल्या कुठल्या चुकांचा माग काढण्यात दिवस घालवले आणि शेवटी त्या स्मृतीच्या निघाल्या, असा त्यांचा वैताग होता. त्याच सुमारास ठरलेल्या डीडीआर५ या नव्या प्रकारात चिपेच्या पोटातल्या चुका सुधारायची सोय आली आहे. पण चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय होतं, ते ती पाहत नाही. त्यासाठी जास्तीच्या चिपा लागतात, आणि त्या अजूनही बहुतेक घरांत नाहीत.

लॉकडाऊनमधल्या एका दुपारी मी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी कागद मागितला. माझ्याकडून १ आणि ९ चे बिट लिहून घेतले, चष्मा लावून मोजले, पुन्हा मोजले. मग ती जुनी पट्टी हातात घेऊन मोकळ्या जागेवर अंगठा ठेवला.

"ही जास्तीची चिप केवढ्याला पडली असती?"

"आठ चिपांना जेवढे पडतात त्याचा आठवा हिस्सा."

"म्हणजे रुपयाला दोन आणे," बाबा म्हणाले, आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती चष्म्याच्या डबीत ठेवली.